दुसऱ्याची थैली, आपला हिशेब

राज्यांचा इतिहास सांगतांना आपण लढाया, तह आणि पुढाऱ्यांचीं भाषणें यांचाच बहुधा विचार करतों. जमाखर्चाच्या वह्यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु प्रजेचा पैसा कोणीं, कशासाठीं आणि कोणाच्या संमतीनें खर्च केला, हा प्रश्न विचारण्याचा हक्क हेंच लोकसत्तेचें मूळ आहे. तो हक्क एखाद्या प्रांताला मिळाला, पुढें वापरावाचून राहिला आणि शेवटीं कांहीं वर्षें पार नाहींसा झाला, तर काय होतें, हें उत्तर आयर्लंडच्या इतिहासावरून चांगलें कळतें. आयर्लंड बेटाच्या ईशान्य कोपऱ्यांतील हा सहा परगण्यांचा प्रांत. २०२१ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या सुमारें १९ लाख भरली. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढीच.

‘होमरूल’ हा शब्द आपणांस परका नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं आपल्या संघाला जें नांव दिलें, तें आयरिश चळवळीवरूनच घेतलेलें होतें. दैवाचा खेळ असा कीं, आयर्लंडच्या ज्या भागांतील बहुसंख्यांना होमरूल नको होतें, त्यांच्याच पदरांत तें प्रथम पडलें. १९२० च्या कायद्यानें उत्तर आयर्लंडला स्वतःचें पार्लमेंट मिळालें व २२ जून १९२१ रोजीं बादशहा पांचवे जॉर्ज यांनीं बेलफास्ट शहरीं त्याचें उद्घाटन केलें. शिक्षण, पोलीस, स्थानिक कारभार हीं खातीं बेलफास्टकडे आलीं. मात्र प्राप्तीवरील कर, जकात आणि अबकारी हे मोठे कर लंडनच्याच हातीं राहिले. खर्च करणारा एक आणि वसूल करणारा दुसरा, अशी ही वांटणी झाली.

मूळ योजना अशी होती कीं, प्रांतानें प्रथम साम्राज्याच्या संरक्षणादि खर्चाचा ठराविक वांटा द्यावा आणि उरलेल्या पैशांत घर चालवावें. तें जमेना. तेव्हां कोल्विन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९२५ पर्यंत हा क्रम उलटा करून दिला: आधीं घरखर्च आणि मग शिल्लक राहील तो वांटा. व्यवहाराच्या दृष्टीनें हें सोयीचें झालें. परंतु काटकसर केली तर शिल्लक लंडनला जाणार आणि खर्च केला तर तो आपल्याच लोकांवर होणार, अशी स्थिति उत्पन्न झाली. अशा घरांत हिशेबाची कळकळ कोणाला राहणार?

तपासणीची यंत्रें नव्हतीं असें मात्र नव्हे. ग्लॅडस्टनच्या पुढाकारानें ब्रिटिश पार्लमेंटांत १८६१ सालीं लोकलेखा समिति नेमली गेली, आणि १८६६ च्या कायद्यानें स्वतंत्र महालेखापरीक्षकाची योजना झाली. हा अधिकारी मंत्र्यांचा नोकर नसतो. तो खात्यांच्या वह्या तपासून सभागृहाला अहवाल देतो. मग समिति त्या खात्याच्या सचिवाला समोर बसवून एकेका रकमेचा जबाब मागते. बेलफास्टच्या पार्लमेंटनेंही हीच रीत उचलली. पण १९२१ पासून १९७२ पर्यंत तेथें एकाच पक्षाचें राज्य होतें. उद्यां आपण सरकारांत जाऊं ही आशा विरोधकांना नाहीं आणि उद्यां आपण बाहेर पडूं ही भीति मंत्र्यांना नाहीं, अशा सभागृहांत प्रश्नाला धार येत नाहीं. रकमांची बेरीज जुळत असे. परंतु सार्वजनिक पैशानें बांधलेलीं घरें कोणत्या धर्माच्या कुटुंबांना मिळालीं, हा प्रश्न वहींत दिसत नव्हता. तो शेवटीं १९६८ सालीं रस्त्यावर विचारला गेला. आणि घरांच्या वांटपाविषयींच्या तक्रारींत तथ्य आहे, असें कॅमेरॉन आयोगानें १९६९ मध्यें नमूद केलें.

पुढें दंगली आणि रक्तपात वाढले. मार्च १९७२ मध्यें बेलफास्टचें पार्लमेंट स्थगित होऊन लंडनचा प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. त्या प्रांताचे कायदे आतां बहुधा हुकुमांच्या रूपानें होऊं लागले. ब्रिटिश पार्लमेंटनें ते मान्य करावे अथवा फेटाळावे. त्यांत एका शब्दाची दुरुस्ती करण्याची सोय नव्हती. या प्रांताच्या कारभाराची खास विचारपूस करणारी कॉमन्स सभेची समिति नेमली गेली ती १९९४ सालीं, म्हणजे बावीस वर्षांनीं.

याच काळांत पैशाच्या वांटणीचें एक नवें गणित रूढ झालें. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जोएल बार्नेट हे लंडनच्या खजिना खात्यांत मंत्री होते. त्यांच्या नांवानें तें ओळखलें जातें. त्याची रीत अशी: इंग्लंडमध्यें एखाद्या सेवेवरील खर्च वाढला कीं लोकसंख्येच्या प्रमाणांत तितकीच वाढ इतर प्रांतांना द्यावयाची. इंग्लंडच्या इस्पितळांना शंभर कोटी पौंड अधिक मिळाले, तर उत्तर आयर्लंडला तीन कोटींहून थोडे अधिक मिळावयाचे. तेथें रोगी किती, गरीब किती, हें या गणितांत कोठेंच येत नाहीं. शिवाय आलेले पैसे इस्पितळांवरच खर्च केले पाहिजेत, असें बंधनही नाहीं. ही तात्पुरती सोय होती व ती बदलावी, असें पुढें स्वतः बार्नेटच सांगत असत. पण तात्पुरत्या सोयींना मरण नसतें, हें आपण आपल्याकडेही पाहतोंच.

१० एप्रिल १९९८ च्या करारानंतर आणि डिसेंबर १९९९ पासून प्रांताला पुन्हां विधिमंडळ मिळालें. या वेळीं पूर्वीच्या चुका ध्यानांत ठेवल्या होत्या. प्रत्येक खात्यावर एक समिति. आणि लोकलेखा समितीचा अध्यक्ष अर्थमंत्र्याच्या पक्षाचा नसावा असा दंडक. तरीही त्याच विधिमंडळाच्या डोळ्यांदेखत एक प्रकार घडला.

नोव्हेंबर २०१२ मध्यें तेथें एक योजना निघाली. व्यापाऱ्यांनीं आणि शेतकऱ्यांनीं तेलाऐवजीं लांकडाच्या गोळ्यांवर चालणारे बंब बसवावेत, म्हणून सरकारनें वीस वर्षेंपर्यंत अनुदान द्यावयाचें. इंग्लंडच्या अशाच योजनेंत ठराविक उष्णतेनंतर अनुदानाचा दर एकदम उतरे. बेलफास्टच्या नियमांत ही पायरीच ठेवली नव्हती. त्यांतून एका पौंडाच्या इंधनामागें सुमारें एक पौंड साठ पेन्स हातीं येऊं लागले. जितकें जाळावें तितका नफा! रिकाम्या शेडी तापविल्या जात असल्याची तक्रारही आली. हे नियम विधिमंडळाच्या समितीपुढूनच गेले होते. दर आणि इंधनाची किंमत शेजारीं शेजारीं मांडून वजाबाकी करणें हें तिसऱ्या-चौथ्या इयत्तेचें काम. पण तें तेथें वेळीं झालें नाहीं. तें काम एका सामान्य उद्योजक महिलेनें केलें आणि २०१३ सालींच खात्याला कळविलें. तिच्या पत्रांची योग्य दखल घेतली गेली नाहीं.

असें कां व्हावें? पुढें सर पॅट्रिक कॉघलिन यांच्या चौकशींत याचा छडा लागला. त्यांचा अहवाल मार्च २०२० मध्यें बाहेर आला. या अनर्थाचें कारण लांचलुचपत नसून एकावर एक साचलेल्या चुका होत, असा त्यांचा निर्णय आहे. त्या चुकांच्या मुळाशीं एक समजूत होती: पैसा लंडनचा आहे, मग चिंता कशाची? वास्तविक, मर्यादेबाहेरचा बोजा प्रांतावरच पडूं शकेल, अशी सूचना लंडनच्या खजिना खात्यानें २०११ मध्येंच दिली होती. जादा खर्च वीस वर्षांत सुमारें ४९ कोटी पौंडांपर्यंत जाईल, असा अंदाज पुढें आला, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले.

जुलै २०१६ मध्यें महालेखापरीक्षकाचा अहवाल आला आणि लोकलेखा समितीनें साक्षी घेण्यास आरंभ केला. तिचें काम चालूं असतांनाच ९ जानेवारी २०१७ रोजीं उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनीं राजीनामा दिला. दोन मोठ्या पक्षांनीं मिळूनच सरकार चालवावें, असा तेथील नियम असल्यामुळें सरकार कोसळलें, आणि त्याबरोबर प्रश्न विचारणारी समितीही गेली.

पुढचीं तीन वर्षें या कथेंतील सर्वांत बोधप्रद होत. शाळा चालूं होत्या, इस्पितळें चालूं होतीं, पगार निघत होते. नोव्हेंबर २०१७ मध्यें प्रांताच्या वर्षाच्या खर्चाला लंडनच्या कॉमन्स सभेनें एका दिवसांत मंजुरी दिली. महालेखापरीक्षकाचे अहवाल छापले जात. पण सचिवाला समोर बसवून जबाब मागणारें कोणी नव्हतें. ऑक्टोबर २०१६ मध्यें इस्पितळांच्या सुधारणेची एक योजना तज्ज्ञांनीं दिली होती. तिच्यांतील कठीण निर्णय घेण्यास मंत्रीच राहिले नाहींत. मंत्री नसतांना सचिवांनीं मोठे निर्णय घेणें बेकायदेशीर आहे, असें २०१८ मध्यें न्यायालयानेंही सांगितलें. शस्त्रक्रियेसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणाऱ्यांची रांग लांबत गेली. जानेवारी २०२० मध्यें सभागृह उघडलें. फेब्रुवारी २०२२ मध्यें सरकार पुन्हां मोडलें आणि थेट फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालें.

या वेळीं लंडननें ३३० कोटी पौंडांचें साहाय्य देऊं केलें. प्रांताची गरज इंग्लंडहून माणशीं सुमारें २४ टक्क्यांनीं अधिक आहे, असें तेथील स्वतंत्र वित्त परिषदेनें दाखवून दिलें होतें. बार्नेटच्या गणितानें येणाऱ्या वाढीला त्या प्रमाणाची जोड २०२४-२५ पासून मिळाली. गरज कशी मोजावी, हा जो प्रश्न इतकीं वर्षें दारांत ताटकळत होता, तो निदान घरांत घेतला गेला.

श्रोतेहो, पैसा कमी मिळतो ही तक्रार करणें सोपें असतें, आणि पुष्कळदां ती खरीही असते. परंतु उत्तर आयर्लंडचा इतिहास सांगतो कीं, अधिक पैसा मागणाऱ्यानें मिळालेल्या पैशाचा जाब आपल्याच घरांत मागण्याची संवयही ठेविली पाहिजे. आपल्याकडे संसदेच्या लोकलेखा समितीचें अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाच्या सभासदाकडे देण्याचा प्रघात आहे, आणि राज्यांच्या विधिमंडळांतही अशा समित्या आहेत. त्यांचे अहवाल रुक्ष असतात आणि वर्तमानपत्रांच्या आंतल्या पानांवर पडतात. परंतु आपल्या गांवच्या शाळेचें छप्पर आणि इस्पितळांतील खाट यांचा मागमूस त्याच पानांत लागतो. सुशिक्षित कुटुंबांनीं वर्षांतून एखादा तरी असा अहवाल चार मंडळी मिळून वाचावा. वजाबाकी येत असली म्हणजे पुरे. बाकीचें ज्ञान वाचतां वाचतां येतें.