उघडे राहिलेले दार : सेंडमेल आणि १९८८ची ती रात्र

१/११
२ नोव्हेंबर १९८८च्या रात्री अमेरिकेतील विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे संगणक एकामागून एक मंदावू लागले. प्रशासक यंत्र बंद करून पुन्हा सुरू करत. थोड्याच वेळात ते पुन्हा गुदमरे. या आक्रमणाची एक वाट टपाल पोहोचवणाऱ्या प्रोग्राममधून जात होती. त्याचे नाव सेंडमेल.

२/११
या प्रोग्रामचा जन्म समजून घ्यायला हवा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एकसंध इंटरनेट नव्हते. अर्पानेट, यूयूसीपी, बर्कलीचे स्थानिक बर्कनेट अशी वेगवेगळी जाळी होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची रीत निराळी : कुठे @, कुठे उद्गारचिन्ह, कुठे अपूर्णविराम. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील एरिक ऑलमन यांनी या जाळ्यांमधून टपाल इकडून तिकडे पोहोचवण्यासाठी आधी ‘डिलिव्हरमेल’ आणि पुढे ‘सेंडमेल’ लिहिला.

३/११
१९८३मध्ये ४.२ बीएसडी या प्रणालीसोबत सेंडमेल सर्वदूर गेला. बीएसडीवर आधारलेली यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनीही तो स्वीकारला. पत्त्यांचे रूपांतर कसे करायचे याचे नियम एका संरचना-फाइलमध्ये लिहावे लागत. ही फाइल इतकी सांकेतिक होती की एकदा टपाल सुरळीत चालू लागले की तिला हात लावण्यास प्रशासक धजावत नसत.

४/११
या क्लिष्टतेवर उतारा म्हणून सेंडमेलमध्ये ‘डीबग’ ही सोय होती. पत्त्यांच्या गुंतागुंतीत न शिरता टपाल योग्य यंत्रावर पोहोचते का, हे तिच्यामुळे तपासता येई. चाचणी संपल्यावर ती काढून टाकणे अपेक्षित होते. पण अनेक विक्रेत्यांनी आणि प्रशासकांनी ती तशीच चालू ठेवली. संरचना जुळवणे कठीण असल्यामुळे ती त्यांना हाताशी हवी होती.

५/११
त्यात टपालाचा नियमच विश्वासावर उभा होता. जॉन पोस्टेल यांनी १९८२मध्ये मांडलेल्या एसएमटीपीमध्ये ‘मी अमुक’ असे सांगणाऱ्याची ओळख पडताळण्याची तरतूद नव्हती. तेव्हाचे जाळे लहान होते, माणसे बहुधा परस्परांच्या ओळखीची होती.

६/११
कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याच्या ‘वर्म’ने नेमकी हीच फट हेरली. डीबग चालू असलेल्या सेंडमेलला तो प्राप्तकर्त्याच्या पत्त्याऐवजी एक आज्ञा देई. सेंडमेल ती निमूटपणे पाळे. पत्राचा मजकूर हाच मग प्रोग्राम होई आणि उरलेला वर्म आपल्याकडे ओढून घेई.

७/११
सेंडमेल हा एकमेव मार्ग नव्हता. ‘फिंगर’ सेवेतील दोष, यंत्रांमधील परस्परविश्वास आणि सोपे पासवर्ड यांचाही वापर झाला. यंत्रावर आधीच आपली प्रत आहे का, हे वर्म तपासत असे. पण सातांपैकी एका वेळी उत्तर काहीही असले तरी तिथेच ठाण मांडत असे. त्यामुळे एकाच यंत्रावर प्रतींची गर्दी झाली आणि व्हॅक्स व सन-३ यंत्रे कोलमडली.

८/११
या रात्रीचा सर्वांत बोलका प्रसंग वेगळाच आहे. मॉरिसचा हार्वर्डमधील मित्र अँडी सडुथ याने पहाटे निनावी इशारा पाठवला. त्यात बचावाचे उपायही होते आणि डीबग काढून सेंडमेल नव्याने बांधा, हा त्यांतलाच एक. पण इशारा गेला ईमेलने! वाटेतील टपालयंत्रेच बंद पडली होती. एक दिवसाहून अधिक काळ तो अडकून राहिला.

९/११
३ नोव्हेंबरच्या पहाटे बर्कलीतील कीथ बॉस्टिक यांनी सेंडमेलची दुरुस्ती प्रसिद्ध केली. मात्र अनेक संस्थांनी धास्तीने जाळ्याशी संबंधच तोडला होता. वर्मपासून बचावासाठी बंद केलेल्या दारातून औषधही आत येईना. अखेर प्रशासकांना एकमेकांना दूरध्वनी करावे लागले.

१०/११
वर्मने फाइली पुसल्या नाहीत. तरी सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे संकटकालीन समन्वय केंद्र उभे राहिले. १९९०मध्ये मॉरिस १९८६च्या संगणक-गैरवापर कायद्याखाली दोषी ठरला : ३ वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. त्याचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक-सुरक्षेचे शास्त्रज्ञ होते.

११/११
पुढे टपालयंत्रांची रचनाच बदलली. आयबीएममध्ये असताना वीत्से व्हेनेमा यांनी लिहिलेला ‘पोस्टफिक्स’ १९९८मध्ये आला. त्यात एकच मोठा प्रोग्राम सारे करत नाही. लहान लहान भाग आपापल्या कामापुरतेच अधिकार बाळगतात, म्हणजे एक भाग फुटला तरी सारे घर लुटले जात नाही. सेंडमेलचे दार मात्र कोणी फोडले नव्हते. ते सोयीसाठी उघडे ठेवले गेले आणि लावायचे राहून गेले. टपालयंत्र सांभाळणाऱ्याच्या कामात आजही हेच पहिले येते : चाचणीसाठी काय उघडले होते, त्याची नोंद ठेवणे आणि काम संपताच ते बंद करणे.