‘द्वारा’विना पत्ता

जुनी पत्रे जमवताना माझी नजर मजकुराआधी पत्त्यावर जाते. कोकणातून मुंबईच्या गिरणीत आलेल्या माणसाचे पत्र ‘द्वारा’ खानावळ किंवा गाववाल्यांची खोली असे येई. शिकणाऱ्या मुलीचे वसतिगृहाच्या पत्त्यावर, सासरी गेलेल्या मुलीचे सासऱ्यांच्या नावाखाली. पत्र माणसाला लिहिलेले असे, पोचे ते घराला. मधल्या कोणी ते आधी फोडले, तर तक्रार कोणाकडे करणार? मोफत ई-मेलची लोकांना एवढी ओढ का वाटली, हे समजून घ्यायचे तर या ‘द्वारा’पासून सुरुवात करावी लागते.

हॉटमेलचा जन्म अशाच अडचणीतून झाला. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ हे दोघे अभियंते कॅलिफोर्नियात एकाच कंपनीत नोकरीला होते. स्वतःचा धंदा काढण्याच्या गोष्टी कार्यालयाच्या ई-मेलवर बोलाव्यात, तर त्या मालकाच्या नजरेस पडण्याची भीती. आणि खाजगी खाती कंपनीच्या जाळ्यातून उघडत नव्हती. तेव्हा टपाल वेबच्या पानावरच ठेवले तर? नाव आणि पासवर्ड माहीत असला की जगातल्या कोणत्याही संगणकावर ते उघडेल. ड्रेपर फिशर जर्व्हेटसन या गुंतवणूकदार संस्थेने ३ लाख डॉलर दिले आणि ४ जुलै १९९६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सेवा सुरू झाली. प्रत्येक पत्राच्या तळाशी ‘तुम्हीही मोफत खाते उघडा’ अशा अर्थाची ओळ जाई. पत्र लिहिणाराच नकळत जाहिरातदार झाला. १९९७च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतले, तेव्हा खातेदार ८० लाखांहून अधिक होते.

हे सारे ‘फुकट’ या एका शब्दाने घडले, असे म्हणणे सोपे आहे. पण अमेरिकेत इंटरनेटची जोडणी घेणाऱ्याला ई-मेल बहुधा त्याच पैशांत मिळत असे. त्याचा हॉटमेलमुळे फारसा खर्च वाचत नव्हता. त्याला मिळाला तो नोकरी बदलली, जोडणी बदलली, तरी न बदलणारा पत्ता.

आपल्याकडे ही गोष्ट अधिकच ठळक दिसते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. जोडणी महाग, वर टेलिफोन आणि संगणक हवा. त्या जोडणीबरोबर मिळणाऱ्या पत्त्यात शहराची खूणही असे: मुंबईसाठी ‘बीएम’, पुण्यासाठी ‘पीएन’. एका खात्यावर अख्खे घर किंवा कचेरी. म्हणजे ‘द्वारा’ इथेही होताच. मग गल्लोगल्ली सायबर कॅफे आले. तिथे तासाचे पैसे मोजावे लागत, म्हणजे मोफत पत्र आपल्याला मोफत नव्हतेच. तरी पोरे रांग लावत. घरी फोन नसलेल्या मुलीलाही आता असा पत्ता होता, जिथले पत्र तिच्याआधी कोणी घरात फोडणार नव्हते.

पैसे कोण देतो, हा टपालाच्या इतिहासातला जुना प्रश्न. १८५४ साली कंपनी सरकारने ठरावीक वजनाच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्ध्या आण्याचा दर ठेवला आणि तिकिटे आणली. लिहिणाऱ्याने तिकीट लावले नाही तर नॉटपेड पत्राचा भुर्दंड घेणाऱ्याला. १९९६नंतर दोघेही सुटले. पैसे जाहिरातदार देऊ लागला. पण भाडे न देणाऱ्या भाडेकरूला हक्क कसले?

हे मला उशिरा कळले. थोरला भाऊ मस्कतला होता. आई मजकूर सांगे, मी कॅफेत जाऊन रोमन अक्षरांत मराठी टंकत असे. जागा जेमतेम, खाते भरले की जुनी पत्रे पुसावी लागत. आईची मात्र मी राखली होती. पुढे भाऊ परतला आणि कित्येक महिने खाते उघडायचे राहिले. उघडले तेव्हा ते रिकामे होते. न वापरलेले खाते रिकामे करण्याची अट मीच ‘मान्य’ म्हणून स्वीकारली होती. आई आज नाही. तिने त्याआधी धाडलेली निळी अंतर्देशीय पत्रे ट्रंकेत आहेत. नंतरच्या तीन वर्षांतली एक ओळही नाही.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एक गिगाबाइट जागा देऊ केली, तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. पुसण्याची गरज संपली, अट संपली नाही. डिसेंबर २०२३पासून गूगलनेही दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्यास सुरुवात केली. उद्या आपल्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला पत्रे मिळतील ती कोणाच्या मर्जीने, हा प्रश्न मला सतावतो.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली येते, पत्रांना ऊन दाखवले जाते. यंदा त्यासोबत एखादे जुने खातेही उघडून पाहावे. उघडले, तर त्यातली चार पत्रे कागदावर छापून ट्रंकेत ठेवावीत.