मेलेल्या दातांचा कैवारी

दिवाळीचा फराळ आणि किडकी दाढ यांचे वैर पुरातन आहे. चकलीचा कडक तुकडा दाढेत रुतावा आणि डोळ्यांपुढे तारे चमकावेत, हा अनुभव कोणास नाही? अशा वेळी आजी लवंग पुढे करते आणि शेजारी सांगतो, ‘काढून टाका एकदाची!’ ती दाढ न काढता राखण्याची विद्या, जिला आपण ‘रूट कॅनाल’ म्हणतो, आज तालुक्याच्या गावीही मिळते. परंतु एके काळी तिच्यावर जवळजवळ बहिष्कारच पडला होता.

१९१० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी कॅनडात, माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात एक व्याख्यान दिले. सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढविणाऱ्या दंतवैद्यांवर त्यांनी कोरडे ओढले. तक्रार खोटी नव्हती. पण लोकांनी तिचा अर्थ भलताच ताणला. संधिवात असो की हृदयविकार, दोष मेलेल्या दाताचा! अमेरिकेत तर राखण्याजोगे दातही उपटण्याची लाट उसळली. आरोप झाला, शिक्षाही झाली. साक्षीपुरावा मात्र फारसा कोणी तपासला नाही.

तो तपासण्यास जे मोजके लोक पुढे आले, त्यांत लुई ग्रॉसमन हे अग्रणी. जन्म १९०१ चा, ओडेसाजवळचा. शिक्षण फिलाडेल्फियास, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. पुढे तेथेच ते शिकवू लागले. त्यांची रीत मला मोठी न्यायी वाटते. दाताच्या मुळातील नळी धुऊन निर्जंतुक करावयाची; मग कागदाची बारीक वात आत फिरवून ती पोषक द्रवात ठेवावयाची. जंतू वाढले, तर पुन्हा सफाई. न वाढले, तरच नळी भरावयाची. भरताना त्यांच्या नावाचे जे लुकण वापरीत, त्यात झिंक ऑक्साइडच्या भुकटीबरोबर युजेनॉल असे. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातले मुख्य द्रव्य. आजीची लवंग अशी फिलाडेल्फियात भेटते!

१९४० साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला. १९४३ मध्ये अमेरिकेत या शास्त्राच्या तज्ज्ञांची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत ते होते. १९६३ मध्ये तेथील दंतवैद्यक संघाने या शास्त्राला स्वतंत्र शाखेची मान्यता दिली. १९८८ साली ग्रॉसमन निवर्तले. पण त्यांच्या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या भारतीय संपादकांनी सिद्ध केल्या आणि आपल्याकडील विद्यार्थी त्या अभ्यासतात.

त्यांची ती वातीची परीक्षा आज नित्याच्या कामात कोणी करीत नाही. शास्त्र पुढे गेले. उरली ती त्यांची शिस्त: दोषी ठरविण्यापूर्वी पुरावा पाहावा. कारण मोठ्या माणसाचा उपटलेला दात मागाहून निर्दोष ठरला, तरी पुन्हा उगवत नाही.