लाइव्ह पॅचिंगमधील मेमरी पेजच्या परवानग्या
संगणक बंद न करता चालू कर्नलचा कोड बदलताना मेमरी पेजचे लेखनहक्क सांभाळण्याची पद्धत. कर्नलच्या कोडची पेजेस वाचता व चालवता येतात, लिहिता येत नाहीत. हे कुलूप घुसखोरासाठी असले, तरी दुरुस्ती करणाऱ्यालाही आडवे येते. पेज क्षणभर खुले करणे सोपे, पण धोक्याचे. तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसरलाही तिथे लिहिता येते. म्हणून एक्स८६वरील लिनक्स त्याच पेजला दुसरा, लिहिण्याजोगा पत्ता तात्पुरता देते आणि तो एकाच प्रोसेसरला दिसतो. त्या पत्त्यावरून लिहिताना बदलायच्या आज्ञेच्या पहिल्या बाइटवर आधी ब्रेकपॉइंट बसतो, मग उरलेले बाइट बदलतात, पहिला सर्वांत शेवटी. लाइव्ह पॅचिंग मूळ लिनक्समध्ये ४.० आवृत्तीपासून (२०१५) आहे. कर्नलला जोडल्या जाणाऱ्या मॉड्यूलचे लेखनसंरक्षण उठवून पॅच लावण्याची वाट ५.८मध्ये (२०२०) काढून टाकली, हे बरेच झाले.