महाशीर : शहरांच्या काठाने परागंदा झालेला मासा

आर्वी, (प्रतिनिधी) - पाश्चात्त्य देशांत सामन माशावरून नदीचे आरोग्य जोखतात. आपल्याकडे तो मान महाशीरचा आहे. (बाजारात 'इंडियन सामन' म्हणून विकला जाणारा रावस समुद्र-खाडीतला; त्याचे या दोघांशी नाते नाही.) सामनप्रमाणेच महाशीरही प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो.

दख्खनी महाशीरची पहिली शास्त्रीय नोंद पुण्याची. कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये मुळा-मुठेतील माशावरून या जातीचे वर्णन केले. आज पुणे शहराच्या पट्ट्यात त्याला जगता येईल असे पाणीच उरलेले नाही. रोहू-कटल्याची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. महाशीरच्या अंड्यांना सुमारे तीन दिवस लागतात. ती तळाशी बसतात, त्यामुळे गाळ साचला की गुदमरतात. शहर वाढते तसा नेमका हा गाळच वाढतो. ओढ्यांचे काठ काँक्रीटने बांधले, जमीन डांबराखाली गेली की पावसाचे पाणी मुरत नाही, एकदम धावते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पुणेकरांना याचा अनुभव दिला. माशांना तो दर पावसाळ्यात येतो. उन्हाळ्यात उलट स्थिती असते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांनी पाणी अडवल्यावर पात्रात वाहते ते मुख्यतः सांडपाणीच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार मत्स्यजीवनासाठी पाण्यात दर लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी अर्थसाहाय्याची सुमारे ९९० कोटींची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. त्यानंतर ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाची २०२२ मध्ये पायाभरणी झाली. पहिली योजना माशाच्या उपयोगाची आहे. दुसरीत काठ सुशोभित होतील, पण उथळ, गोट्यांचा तळ राहील का, हा प्रश्न उरतो.

बीज सोडणे हा सोपा उपाय वाटतो. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीरची पैदास होते, आणि हे काम मोलाचे आहे. पण येथील बीज कावेरीत सोडले गेले आणि तेथील स्थानिक, कुबड असलेला महाशीर मागे हटला. २०१८ मध्ये त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त' जातींत झाली. अधिवास नसताना बीज सोडणे म्हणजे छप्पर नसलेल्या घरात बिऱ्हाड थाटणे.

आर्वीकरांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. मुलताईजवळून निघणारी वर्धा नदी मोर्शीजवळ सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरणाने, तर तालुक्यातील धनोडीजवळ निम्न वर्धा धरणाने अडली आहे. भिंत ओलांडून मासा वर जाऊ शकत नाही; त्यामुळे दोन धरणांमधला वाहता पट्टा आणि त्यात मिळणारे नाले हेच त्याचे उरलेले घर. त्या पट्ट्यातील वाळूउपसा आणि नाल्यांत सोडले जाणारे सांडपाणी या दोन्ही गोष्टी ग्रामपंचायत, पालिका व महसूल खात्याच्या अखत्यारीत येतात. वाळूघाटांचा लिलाव करताना अंडी घालण्याच्या जागा वगळता येतील. त्यासाठी नव्या धरणाची गरज नाही की कोट्यवधींच्या कर्जाचीही नाही.