ढेकराची बाटली

बाळाचं दूध पिऊन झालं की त्याला उभं खांद्यावर घ्यायचं, पाठ थोपटायची आणि ढेकर आला की निजवायचं. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत 71 माय-लेकरांच्या जोड्या घेऊन याचीही परीक्षा झाली. ढेकर काढल्याने बाळांचं कळवळून रडणं काही कमी झालं नाही, उलट दूध टाकणं वाढलं. पण रडणाऱ्या बाळापुढे हातावर हात ठेवून कोण बसणार? ढेकराने भागलं नाही, की फडताळातली ग्राइपवॉटरची बाटली निघायची.

तिचं मूळ इंग्लंडच्या पूर्वेकडच्या दलदलीत. एकोणिसाव्या शतकात तिकडे हिवतापाचा सुळसुळाट होता. विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने 1851 मध्ये नॉटिंगहॅमला दुकान थाटलं. हिवतापाच्या मुलांना देत ते औषध किरकिऱ्या तान्ह्यांनाही शांत करतं, हे त्याने हेरलं. त्यावरून आपलं पाणी बनवलं आणि 1876 मध्ये नाव नोंदवून टाकलं. लेबलावर साप आवळणारा बाळ हर्क्युलिस. आपल्याकडे कित्येकांना तो कालियामर्दन करणारा कृष्णच वाटला असेल.

बाटलीत होतं काय? खायचा सोडा, शेपूच्या बियांचं तेल, साखर आणि 3.6 टक्के अल्कोहोल! सोडा जठरातल्या आम्लाला भेटला की कर्बवायू सुटतो आणि ढेकर येतो. म्हणजे वायू काढायला आधी वायूच घालायचा. शेपू वातावर चांगला, हे आपणही मानतो. पण बाळाला लागणाऱ्या झोपेचं श्रेय मी तरी अल्कोहोललाच देईन. ब्रिटनमध्ये ते 1992 मध्ये काढून टाकलं.

शेपूच्या त्याच बिया म्हणजे आपल्या बाळंतशेपा. इथे मात्र त्या बाळंतीण खाते, जेवणानंतर, ओव्याबरोबर भाजून. बाळाच्या वाट्याला गुटी: सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड यांचे एकेक-दोनदोन वेढे उगाळायचे. जायफळाचा वेढा आजी स्वतः द्यायची. तो जास्त झाला की बाळ गुंगतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता बालरोगतज्ज्ञ दोन्हींना नको म्हणतात. पहिले सहा महिने आईचं दूध, बाकी काही नाही. तरी औषधाच्या दुकानात ग्राइपवॉटर मागितलं, तर कुणी चिठ्ठी विचारत नाही.