बोटांना दिसलेला ख्रिस्त

काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चमधील पवित्र मरीयेच्या जुन्या लाकडी पुतळ्याला आम्ही काचेचे कपाट करून घेतले. मेणबत्त्यांची काजळी, पावसाळ्यातील ओल आणि भाविकांचे हात यांमुळे पुतळ्याचा रंग उडत चालला होता. कपाट देखणे झाले. सर्वांना आवडले. पुढच्या नोव्हेनाला एक आजी नातीचा हात धरून आल्या. त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षे झाली होती. मातेच्या पावलांवर हात ठेवायचा, मग झग्याच्या कडेवरून बोटे फिरवायची आणि तीच बोटे ओठांना लावायची, असा त्यांचा नेम होता. त्या दिवशी हात काचेवर आपटला. त्या म्हणाल्या, "फादर, हाताला काच लागते. माता आत आहे ना?"

"आहे, आजी," असे आम्ही म्हणालो. उत्तर खोटे नव्हते, पण ते देताना आम्ही खजील झालो. डोळसांसाठी आम्ही केवळ धूळ अडवली होती. आजींपुरता मात्र आम्ही पुतळाच चर्चमधून नेला होता. कलाकृती आणि माणसाचा हात यांच्यामध्ये ही काच केव्हा आली, याचा शोध आम्ही त्यानंतर घेऊ लागलो. हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ख्रिस्तसभेत ही काच मुळात नव्हती. आठव्या शतकात पूर्वेकडील साम्राज्यात मूर्तिभंजनाचे वादळ उठले, तेव्हा इ. स. ७८७ मध्ये नायसिया येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने पवित्र प्रतिमांचा मान राखण्याचा निर्णय दिला. ती परिषद प्रतिमा केवळ 'पाहा' असे म्हणाली नाही. प्रतिमांना वंदन करावे, त्यांचे चुंबन घ्यावे, त्यांच्यापुढे धूप व दिवे लावावेत, असे तिने सांगितले. म्हणजे डोळ्यांबरोबर ओठ, हात आणि नाकही उपासनेत आले. गुड फ्रायडेला आपण क्रूसाचे चुंबन घेतो ते याच परंपरेतून. रोमला संत पेत्राच्या महामंदिरात प्रेषिताचा ब्राँझचा पुतळा आहे. यात्रेकरूंच्या शतकानुशतकांच्या स्पर्शाने त्याच्या उजव्या पावलाची बोटे झिजून एकसंध झाली आहेत. कलासंरक्षकाला ती हानी वाटेल. आम्हांला मात्र त्या पावलावर अगणित माणसांच्या सह्या दिसतात.

संत थॉमसाची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे. पण योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू थॉमसाला बोट घालण्यास सांगतो एवढेच आहे. थॉमसाने बोट खरोखर घातले, असे तिथे लिहिलेले नाही. ते बोट जखमेत घातले चित्रकारांनी, आणि कारावाज्जिओने सतराव्या शतकाच्या आरंभी तर इतके धीटपणे घातले की चित्र पाहणाऱ्याने अंग चोरावे. स्पर्शाविषयीचे एवढे प्रभावी चित्र, पण तेही डोळ्यांसाठीच आहे, हा एक विरोधाभास.

शिल्प हे हातांचेही असते, ही जाणीव फ्लॉरेन्सच्या कलावंतांना होती. लोरेन्झो गिबेर्ती या पंधराव्या शतकातील शिल्पकाराने एका प्राचीन पुतळ्याविषयी लिहिले आहे की, त्याचे काही बारकावे डोळ्याला सापडत नाहीत, हाताला सापडतात. पुढे १५४६-४७ च्या सुमारास बेनेदेत्तो वार्की या विद्वानाने चित्र श्रेष्ठ की शिल्प, असा प्रश्न कलावंतांपुढे टाकला. त्या वादात शिल्पाच्या बाजूने आंधळ्याचा दाखला दिला गेला. आंधळ्याला पुतळा ओळखता येतो, चित्र त्याला सपाट फळीच लागते, हा त्याचा सारांश. हाच विचार स्पॅनिश चित्रकार रिबेरा याने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रंगवला. त्याच्या 'स्पर्श' या चित्रात मिटल्या डोळ्यांचा एक माणूस शिल्पातील मस्तक दोन्ही हातांनी चाचपतो आहे आणि शेजारी मेजावर एक लहानसे चित्र पडले आहे. त्या माणसाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. चित्रकारानेच आपल्या कलेची मर्यादा अशी उघडपणे मांडावी, याचे आम्हांला कौतुक वाटते.

आणि त्याच शतकात एक खराखुरा आंधळा शिल्पकार होऊन गेला. जोव्हान्नी गोन्नेल्ली हा तोस्कानातील गांबास्सी गावचा, जन्म १६०३ चा. फ्लॉरेन्सला पिएत्रो ताक्काच्या हाताखाली तो शिकला आणि ऐन तारुण्यात त्याची दृष्टी गेली. तरी त्याने माती सोडली नाही. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा बोटांनी चाचपायचा आणि तो मातीत उतरवायचा, अशी त्याची रीत. पोप आठवे अर्बन यांचे त्याने केलेले भाजक्या मातीचे शीर्षशिल्प रोममध्ये आहे. लोकांना अर्थातच संशय आला, की हा लबाड पाहत असावा. रॉजे द पील या फ्रेंच लेखकाने सांगितलेली हकिकत अशी की, शंका फेडण्यासाठी त्याला अंधाऱ्या तळघरात काम करायला लावले आणि तिथेही चेहरा हुबेहूब उतरला. हकिकतीत मीठमसाला किती, हे ज्याने त्याने ठरवावे. पोपचे शिल्प मात्र आजही पाहता येते. 'पाहता' येते, हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला आहे.

काच आली ती त्यानंतर, आणि एका दिवसात आली नाही. आरंभीच्या संग्रहालयांत वस्तू हातांत घेऊन बघण्याची मुभा असे. ऑक्सफर्डचे अ‍ॅश्मोलियन संग्रहालय १६८३ मध्ये उघडले. १७१० मध्ये तिथे गेलेल्या उफेनबाख नावाच्या जर्मन प्रवाशाने तक्रार केली की, सहा पेन्स दिले की कोणीही आत येतो आणि प्रत्येक वस्तूला हात घालतो. त्याची तक्रार अगदीच चूक नव्हती. घामातील क्षार आणि कातडीचे तेल दगडालाही सोडत नाहीत. पण वस्तू जपण्याच्या काळजीत हळूहळू एक निराळी समजूत मिसळली. स्पर्श ही मुलांची, अडाण्यांची आणि गर्दीची सवय, आणि सुसंस्कृत माणूस हात मागे बांधून दुरून पाहतो, अशी ती समजूत. एकोणिसाव्या शतकापर्यंत 'हात लावू नये' ही पाटी संग्रहालयाचा धर्मच झाली. आम्ही काचेचे कपाट केले तेव्हा आमच्या मनातही काळजी किती आणि ही ऐट किती होती, याचा हिशेब आम्ही अजून पुरता केलेला नाही.

या इतिहासात एक पोप आहेत. लोरेन्झो कोर्सिनी हे १७३० साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, बारावे क्लेमेंट या नावाने पोप झाले. दोनच वर्षांत त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. पुढची आठ वर्षे या अंध वृद्धाने कारभार केला. रोमचे त्रेवी कारंजे त्यांच्याच आज्ञेने बांधावयास घेतले गेले. कार्डिनल अल्बानी यांचा प्राचीन शिल्पांचा संग्रह विकत घेऊन त्यांनी १७३४ मध्ये कॅपिटोलाइन संग्रहालय लोकांसाठी खुले केले. सर्वसामान्यांसाठी उघडलेल्या युरोपातील आद्य संग्रहालयांपैकी ते एक. जे पुतळे लोकांनी पाहावेत म्हणून पोपमहाशयांनी मांडले, ते त्यांना स्वतःला दिसत नव्हते.

याच पोपमहाशयांनी आड्रियाटिक समुद्रावरील आंकोना बंदराला १७३२ मध्ये करमुक्त बंदराचा दर्जा दिला. जहाजे वाढली, तशी रोगांची धास्तीही वाढली. म्हणून लुईजी व्हान्व्हितेल्ली या वास्तुशिल्पीला सांगून बंदरात कृत्रिम बेटावर पंचकोनी लाझारेत्तो उभारण्यास १७३३ मध्ये आरंभ झाला. बाहेरून आलेली माणसे आणि माल यांना ठरावीक दिवस अलग ठेवण्याची ही जागा. मधल्या चौकात प्लेगच्या रुग्णांचे कैवारी संत रॉक यांचे छोटे मंदिर आहे. ज्या घराचा सारा उद्देश माणसाने माणसाला शिवू नये हा होता, ते घर ध्यानात ठेवून वाचकांनी पुढे यावे.

दरम्यान अंधांच्या शिक्षणात एक मोठी गोष्ट घडली. पॅरिसला व्हालांतँ आउई यांनी १७८० नंतरच्या वर्षांत अंध मुलांची शाळा काढली आणि उठावदार अक्षरांची पुस्तके छापली. हेतू थोर होता, पण अक्षरे डोळसांचीच होती. त्यांची वळणे बोटाला लवकर उमगत नसत. त्याच शाळेत लहानपणी दृष्टी गमावलेला लुई ब्रेल १८१९ मध्ये आला. हा पुढे पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा कॅथलिक. त्याने अक्षराचा आकारच टाकून दिला आणि बोटाच्या टोकाखाली एकदम मावतील असे सहा ठिपके घेतले. त्याची पद्धत १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली. स्पर्शाच्या कलेतही हाच धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागला आहे. डोळ्यांसाठी केलेल्या चित्राच्या रेषा नुसत्या उठावदार केल्याने ते हातांचे होत नाही. डोळा एका क्षणात सगळे घेतो आणि मग तपशिलाकडे वळतो. हात तपशिलातून सुरू करतो आणि कण कण जोडत पूर्ण आकृतीपर्यंत पोचतो. त्याला वेळ लागतो, दोन्ही पंजे लागतात, आणि बोट कोठून कोठे न्यावे हे सांगणारा कोणी सोबत असला तर उत्तम.

केवळ स्पर्शासाठीच कला निर्माण करण्याचा प्रयत्न डोळसांनीही केला. इटालियन कवी मारिनेत्ती याने १९२१ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये 'स्पर्शवादा'चा जाहीरनामा वाचला. १९१७ च्या हिवाळ्यात, युद्धकाळी, तोफखान्याच्या काळोख्या खंदकात रांगत आपल्या बिछान्याकडे जाताना संगिनी, डबे आणि झोपलेल्या सैनिकांची डोकी हाताला लागली आणि कल्पना सुचली, असे तो सांगतो. त्याच्या 'सुदान-पॅरिस' या फलकावर सुदानसाठी स्पंज, काचकागद आणि खरखरीत लोकर, समुद्रासाठी चंदेरी कागद, आणि पॅरिससाठी रेशीम, मखमल व पिसे होती. युद्धाचे गोडवे गाणाऱ्या आणि पुढे मुसोलिनीच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या या गृहस्थाविषयी आम्हांला फारसे प्रेम नाही. फलकाची कल्पना मात्र सुंदर आहे. तरीही ती नवलाई शोधणाऱ्यांची होती, गरजवंतांची नव्हती.

गरजवंत आले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि आले आंकोनालाच. आल्दो ग्रास्सिनी आणि त्यांच्या पत्नी दानिएला बोत्तेगोनी हे दोघेही अंध. दोघांना प्रवासाची आवड. जगभर फिरताना संग्रहालयांत ठिकठिकाणी त्यांना 'हात लावू नका' हेच ऐकावे लागे. अखेर त्यांच्या प्रेरणेने आंकोना नगरपालिकेने १९९३ मध्ये स्पर्शाचे संग्रहालय काढले आणि त्याला अंध मानल्या गेलेल्या ग्रीक महाकवीचे, होमरचे, नाव दिले. इटालियन संसदेने १९९९ मध्ये कायदा करून त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा दिला. २०१२ मध्ये ते ज्या वास्तूत गेले ती वास्तू म्हणजे व्हान्व्हितेल्लीचा तो पंचकोनी लाझारेत्तो. अंध पोपने अलगीकरणासाठी बांधलेल्या घरात आज हात लावण्याचे आमंत्रण आहे. तिथे प्राचीन व प्रबोधनकालीन शिल्पांच्या मूळ आकारातील प्रतिकृती आहेत, आधुनिक शिल्पकारांच्या अस्सल कृतीही आहेत, आणि संत पेत्राच्या महामंदिराचा छोटा नमुना आहे. त्या नमुन्याचा घुमट तळहातांत घेणाऱ्या अंध माणसाला महामंदिराचा आकार जसा समजतो, तसा चौकात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्या यात्रेकरूला समजत असेल का, याची आम्हांला शंका आहे.

प्रतिकृतीला काही जण नाक मुरडतात. दगडाचा गारवा प्लास्टरला येत नाही, हे खरे आहे. पण मूळ मूर्ती जपायची आणि हातही रिकामे ठेवायचे नाहीत, तर दुसरा मार्ग कोणता? आपल्याकडे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये 'अनुभव' हे स्पर्शदालन उघडले, तेही प्रतिकृतींवरच.

पण एका माणसाने प्रतिकृतीवर समाधान मानले नाही. फेलिचे ताल्याफेर्री या इटालियन शिल्पकाराची दृष्टी किशोरवयात गेली. नेपल्सच्या सान्सेवेरो चॅपलमध्ये ज्युझेप्पे सान्मार्तीनोने १७५३ मध्ये घडवलेला 'आच्छादित ख्रिस्त' आहे. क्रूसावरून उतरवलेला प्रभू, अंगावर झिरझिरीत वस्त्र, वस्त्राखाली कपाळाची शीर आणि हातांच्या जखमा दिसाव्यात असे ते संगमरवराचे काम. वस्त्र आणि देह एकाच दगडाचे आहेत, यावर लोकांचा विश्वास बसत नसे. ताल्याफेर्री तिथे गेले आणि त्यांनी हात पुढे केला, तेव्हा त्यांना थांबवण्यात आले. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. ते परत आले, संगमरवर घेतला आणि जो ख्रिस्त चाचपू दिला नाही तो स्वतः घडवायला बसले. इतरांनी केलेली वर्णने कानांत आणि छिन्नी हातात. पूर्ण झालेल्या शिल्पाला त्यांनी 'क्रिस्तो रिव्हेलातो' असे नाव दिले. इटालियनमध्ये या शब्दाचे दोन अर्थ निघतात, 'पुन्हा आच्छादलेला' आणि 'प्रकट झालेला'. हा ख्रिस्त कोणीही हात लावून पाहावा यासाठीच आहे. पुढे सान्सेवेरो चॅपलनेही अंधांसाठी स्पर्शाच्या खास भेटी ठेवल्या, हे नमूद केले पाहिजे.

योहानाच्या पहिल्या पत्राचा आरंभ वाचकांनी घरी काढून पाहावा. ऐकणे, पाहणे, न्याहाळणे आणि हातांनी चाचपणे, अशा क्रमाने प्रेषित आपली साक्ष देतो. सेमिनरीत आम्ही या ओळींवर परीक्षेचा पेपर लिहिला होता आणि गुणही बरे मिळाले होते. पुतळ्याच्या कपाटाचे माप घेताना त्या आठवल्या नाहीत.

कपाट आम्ही काढलेले नाही. काजळी आणि ओल अजून आहेतच. सुताराला बोलावून समोरच्या काचेला बिजागऱ्या लावून घेतल्या आणि किल्ली सॅक्रिस्टीतील खिळ्यावर टांगली. नोव्हेनाच्या दिवशी मिस्सापूर्वी दार उघडतात. आजी पहिल्याच आठवड्यात आल्या, पावलांवर हात ठेवला, झग्याची कड चाचपली आणि कडेचा एक टवका उडाला आहे, तो पूर्वी नव्हता, असे आम्हांला सांगितले. सुताराच्या हातून उडाला असावा. रंगाऱ्याने तो भरून देण्याची तयारी दाखवली आहे. आजींना विचारून कळवतो, असे आम्ही त्याला सांगितले आहे.